जेवणाची वेळ आणि छातीतील जळजळ : आहारसल्ल्याच्या कामातील निरीक्षणे

शहरातील रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात काम करणाऱ्या आहारतज्ज्ञाकडे मधुमेह, वाढलेले वजन आणि मूत्रपिंडाचे विकार यांच्या बरोबरीने सातत्याने येणारी तक्रार म्हणजे छातीतील जळजळ, घशाशी येणारे आंबट पाणी आणि जेवणानंतर बराच वेळ टिकणारे करपट ढेकर. रुग्ण या साऱ्याला ‘ॲसिडिटी’ किंवा ‘पित्त’ म्हणतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र ‘जीईआरडी’ अशी अक्षरे असतात, आणि त्यांचा अर्थ असा की जठरातील आम्लयुक्त अन्नरस उलट दिशेने अन्ननलिकेत येतो व त्याचा रुग्णाला वारंवार त्रास होतो. ती चिठ्ठी घेऊन समोर बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : काय काय बंद करायचे? तूरडाळ, वांगे, टोमॅटो, चहा, तिखट, आंबट अशी यादी त्याने नातेवाइकांकडून आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आधीच गोळा केलेली असते आणि तिच्यावर शिक्कामोर्तब व्हावे एवढीच त्याची अपेक्षा असते. या कामात काही वर्षे घालवलेल्या आहारतज्ज्ञाच्या मात्र हळूहळू ध्यानात येते की वर्ज्य पदार्थांची यादी हा या प्रश्नाचा लहानसा भाग आहे. माणूस केव्हा जेवतो, एका वेळी किती जेवतो आणि जेवल्यानंतर कोणत्या स्थितीत राहतो या तीन गोष्टींनी प्रश्नाचा मोठा भाग व्यापलेला असतो, आणि या तिन्ही गोष्टी एकट्या रुग्णाच्या हातात क्वचितच असतात. या निष्कर्षाप्रत नेणारी निरीक्षणे आणि त्यांच्यामागचे शरीरशास्त्र यांची मांडणी येथे केली आहे.

घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका प्रौढ माणसात साधारण २५ सेंटिमीटर लांब असते, आणि ती जठराला जिथे मिळते तिथे सुमारे तीन-चार सेंटिमीटर लांबीचा एक वर्तुळाकार स्नायू असतो, जो घास खाली उतरताना सैल पडतो व एरवी आवळलेला राहतो. छाती आणि पोट यांना विभागणारे श्वासपटल त्याच जागी बाहेरून वेढा घालून या स्नायूला आधार देते. जठररसाची आम्लता सामू या परिमाणात मोजतात आणि आकडा जितका लहान तितके आम्ल तीव्र असे त्याचे गणित असते. रिकाम्या जठरात हा सामू साधारणपणे १.५ ते ३.५ असतो. जठराच्या अस्तरावर श्लेष्म्याचा जाड थर असल्यामुळे ते एवढे तीव्र आम्ल सोसू शकते, पण अन्ननलिकेच्या अस्तराला असे संरक्षण नसते. वर्तुळाकार स्नायू घास गिळलेला नसतानाही अधूनमधून काही सेकंद सैल पडतो. निरोगी माणसातही हे घडते, कारण जठरात साठलेली हवा ढेकराच्या रूपाने याच वाटेने बाहेर पडते. जठर जेवणाने जितके अधिक ताणले जाते तितक्या वेळा स्नायू असा सैल पडतो, आणि त्या क्षणी माणूस आडवा असेल किंवा कमरेत वाकलेला असेल तर हवेबरोबर आम्लही वर चढते. जळजळीच्या पुष्कळ रुग्णांमध्ये आम्ल प्रमाणाबाहेर तयार होतच नसते, नेहमीएवढेच आम्ल चुकीच्या जागी पोहोचलेले असते. ही एक गोष्ट रुग्णाला नीट समजली की पुढचा अर्धा सल्ला त्याचा त्यालाच सुचू लागतो, असा अनुभव या कामात पुन्हापुन्हा येतो.

जठरातील आम्लामुळे अन्ननलिकेला सूज येते ही गोष्ट आधुनिक वैद्यकात तुलनेने उशिरा मान्य झाली. अमेरिकेतील आशर विंकेलस्टाइन यांनी १९३५ साली तिचे स्पष्ट वर्णन केले, आणि ब्रिटिश शल्यचिकित्सक फिलिप ॲलिसन यांनी १९५१ मध्ये तिचा संबंध श्वासपटलातील छिद्रातून जठराचा वरचा भाग छातीत सरकण्याशी, म्हणजे हायटस हर्नियाशी, जोडून दाखवला. भारतीय वैद्यकपरंपरेत अम्लपित्ताचे स्वतंत्र विवेचन काश्यपसंहिता आणि माधवनिदान या ग्रंथांत आढळते आणि तेथेही आहारविहाराला प्रमुख स्थान आहे. १९७६ साली सिमेटिडीन हे औषध ब्रिटनमध्ये उपलब्ध झाले आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस ओमेप्रॅझोल आले, तेव्हा आम्लनिर्मिती प्रभावीपणे रोखणे प्रथमच शक्य झाले. आम्ल तयार करणाऱ्या पेशींमधील ‘प्रोटॉन पंप’ नावाची यंत्रणा बंद पाडणारी ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल यांसारखी औषधे आज गावोगावच्या औषधांच्या दुकानांत मिळतात आणि अन्ननलिकेची सूज भरून काढण्यात त्यांचा वाटा निःसंशय मोठा आहे. तरीही ही औषधे आम्ल कमी करतात, सैल पडणाऱ्या स्नायूला घट्ट करीत नाहीत. म्हणून गोळी थांबली आणि दिनक्रम तोच राहिला तर त्रास परत येतो. शिवाय या गोळ्या जेवणापूर्वी साधारण ३० ते ६० मिनिटे घेतल्या तरच त्यांचा पुरेसा गुण येतो, कारण आम्ल तयार करणारे पंप जेवणामुळे कार्यरत होतात आणि औषधाने त्यांना गाठण्याची वेळ तीच असते. आहारतज्ज्ञाच्या टेबलावर हे वारंवार उघड होते की गोळी महिनोन्‌महिने चालू आहे, पण ती भरल्या पोटी, जळजळ सुरू झाल्यानंतर किंवा झोपताना घेतली जाते. अशा वेळी औषधाचा गुण येत नाही ही तक्रार खरे तर जेवणाच्या घड्याळाची तक्रार असते.

आहार व सवयींविषयीच्या सल्ल्याला पुरावा किती आहे, हा प्रश्न या व्यवसायातील माणसाने स्वतःला विचारणे आवश्यक आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात जीवनशैलीविषयक अनेक उपायांची छाननी करण्यात आली, तेव्हा वजन कमी करणे आणि झोपताना पलंगाची डोक्याकडील बाजू उंच करणे या दोन उपायांना स्पष्ट आधार मिळाला. विशिष्ट पदार्थ वर्ज्य केल्याने आजार सुधारतो याचा पुरावा मात्र तोकडा ठरला. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी या संस्थेच्या २०१३ मधील मार्गदर्शक सूचनांनी सर्व रुग्णांना सरसकट पदार्थ बंद करायला सांगू नये असे म्हटले, आणि २०२२ मधील सुधारित सूचनांनी ज्या रुग्णाला ज्या पदार्थाने त्रास होतो तो त्याने टाळावा, झोपण्यापूर्वी दोन ते तीन तास जेवू नये, वजन जास्त असल्यास ते कमी करावे आणि तंबाखू सोडावा अशी दिशा दिली. रुग्णांच्या सहवासात हाच निष्कर्ष वेगळ्या वाटेने हाती येतो. एकाच वस्तीतील, साधारण एकसारखे जेवण जेवणारी दोन माणसे समोर बसतात; एकाला टोमॅटोचे सार चालत नाही आणि दुसऱ्याला ते निर्धोक पचते, पण रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे होणे मात्र दोघांनाही बाधते.

ही तफावत समजून घेण्याचे आहारतज्ज्ञाचे मुख्य साधन म्हणजे आहाराची नोंदवही. ती साधी असते : एका पानावर पाच रकाने, त्यांत वेळ, पदार्थ, वाटी-चमचा-पोळीच्या मापात प्रमाण, खाल्ल्यानंतर तासाभरात काय केले आणि त्रास झाला का. मुंबईच्या उपनगरातून रोज लोकलने कामावर जाणाऱ्या माणसाच्या वहीचे एक प्रातिनिधिक पान पुढीलप्रमाणे असते. सकाळी साडेसहाला रिकाम्या पोटी चहा व दोन बिस्किटे. आठला घाईघाईत उभ्याने पोहे आणि लगेच स्टेशनकडे धाव. अकराला पुन्हा चहा. दुपारी अडीचला थंड झालेला डबा, त्यात तीन पोळ्या आणि भाजी. पाचला कार्यालयाबाहेर वडापाव आणि चहा. रात्री सव्वादहाला चार पोळ्या, भाजी, आमटी, भात आणि लोणचे. पावणेअकराला टीव्हीसमोर गादीवर. एक वाजता छातीत जळजळ, उठून पाणी. हे पान लिहिणारा माणूस वडापाव बंद करण्याची तयारी ठेवून आलेला असतो, आणि तो कमी झाला तर बरेच. पण दिवसभरातील सर्वांत मोठे जेवण आणि झोप यांच्यात केवळ अर्ध्या तासाचे अंतर आहे, ही बाब चौथ्या रकान्यात लिहिली जाईपर्यंत त्याच्याही लक्षात आलेली नसते. जठरातून मिश्र जेवण पुढे सरकायला काही तास लागतात आणि तेलातुपाने जड झालेल्या जेवणाला त्याहून अधिक लागतात, कारण स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोहोचताच तेथून सुटणारी संप्रेरके जठर रिकामे होण्याची गती मंदावतात. झोपेत लाळ जवळजवळ सुटत नाही आणि गिळण्याची क्रियाही फार कमी होते, त्यामुळे जागेपणी अन्ननलिका धुऊन काढणारी आणि आम्ल निष्प्रभ करणारी लाळेची व्यवस्था रात्री बंद असते. म्हणूनच रात्री वर चढलेले आम्ल दिवसापेक्षा अधिक वेळ अन्ननलिकेत राहते आणि अधिक इजा करते.

या वह्यांमध्ये महाराष्ट्रातील धार्मिक दिनक्रमाचीही स्वच्छ छाप दिसते, आणि संकष्टी चतुर्थीचे पान त्या दृष्टीने विशेष बोलके असते. सकाळी स्नान-पूजेनंतर चहा, दहा-साडेदहाला साबुदाण्याची खिचडी, दुपारी भाजलेले शेंगदाणे किंवा तळलेल्या बटाट्याचा चिवडा, दिवसभरात एरवीपेक्षा जास्त चहा, आणि चंद्रोदयानंतर, म्हणजे बहुतेक महिन्यांत रात्री साडेआठ ते दहाच्या सुमारास, नैवेद्य दाखवून पूर्ण जेवण व त्यात तुपाची धार सोडलेले मोदक. उपास म्हणून पाळलेल्या दिवशी पोटात गेलेला आहार पिष्टमय आणि स्निग्ध असतो, दोन खाण्यांमधील पोकळी चहाने भरलेली असते आणि सर्वांत जड जेवण झोपेच्या अगदी तोंडावर येते. ज्या गृहिणीला महिन्यातून नेमकी त्या रात्रीच जळजळ होते ती साबुदाण्याला दोष देते आणि पुढच्या महिन्यात वरईचे तांदूळ खाते, पण रात्रीचे पान तसेच राहते. श्रद्धेचा विषय असल्याने येथे सल्ला देणाऱ्याने अत्यंत जपून बोलावे लागते आणि उपास सोडा असे सांगणे निरर्थकच नव्हे, तर विश्वास गमावणारे ठरते. उलट उपासाच्या चौकटीतच राहून दिवसा वरई आणि दाण्याची पातळ आमटी, राजगिऱ्याची भाकरी, चालत असेल तर ताक, सायंकाळी एखादे फळ असे खाणे वाटून घ्यावे, चहा कमी करावा, चंद्रोदयानंतरचे जेवण निम्मे ठेवावे, मोदक एकच घ्यावा आणि त्यानंतर निदान दोन तास जागे राहावे, असा सल्ला दिला तर तो सहज स्वीकारला जातो आणि पुढच्या चतुर्थीच्या नोंदीत त्याचा फरक दिसतो.

रात्रीचे जेवण लवकर घ्या, हे वाक्य उच्चारायला जितके सोपे तितके अमलात आणायला कठीण असते, कारण मराठी घरात रात्रीचे जेवण हे दिवसभर पांगलेल्या कुटुंबाचे एकत्र येणे असते. नवरा नऊला पोहोचतो, मुलगा शिकवणीहून साडेनऊला येतो, सासूबाई मालिका संपल्याशिवाय उठत नाहीत, आणि सर्वांना गरम पोळ्या वाढून झाल्यावर शेवटी जेवणारी बाई साडेदहाला पानावर बसते, उरलेले वाया जाऊ नये म्हणून दोन घास जास्त खाते, ओटा आवरते आणि पाठ टेकते. रात्री होणाऱ्या जळजळीची तक्रार घेऊन येणाऱ्या मध्यमवयीन स्त्रियांच्या नोंदवह्यांत हे चित्र इतक्या वेळा दिसते की आजाराचे एक कारण घरातील वाढण्याच्या क्रमात आहे, असे म्हणण्यावाचून गत्यंतर राहत नाही. अशा स्त्रीला तुम्ही साडेसातला जेवून घ्या असे सांगितले तर ती मान डोलावते आणि घरी गेल्यावर काहीच बदलत नाही. तिच्या नवऱ्याला किंवा सुनेला पुढच्या भेटीत सोबत बोलावले आणि हे औषधाइतकेच महत्त्वाचे पथ्य आहे हे त्यांच्यासमोर सांगितले, तर मात्र बदल घडण्याची शक्यता वाढते. जिथे वेळ बदलणे खरोखर अशक्य असते तिथे जेवणाचे वजन हलवण्याचा मार्ग उरतो : सायंकाळी साडेसहा-सातला भाकरी-भाजी, मुगाचे धिरडे किंवा उसळीची वाटी असे भरीव खाणे घ्यावे आणि रात्री कुटुंबाबरोबर बसताना ताटात केवळ वरण-भात, मऊ खिचडी किंवा भाजीचे सूप एवढेच घ्यावे. पंगत तुटत नाही आणि जठरही ताणले जात नाही. रात्रपाळीच्या कामगारांना, सुरक्षारक्षकांना आणि परिचारिकांना हाच नियम घड्याळाऐवजी झोपेला बांधून सांगावा लागतो, म्हणजे पहाटे सहाला झोपणाऱ्याने चारनंतर जड खाऊ नये.

पदार्थांची चर्चा टाळता येत नाही आणि टाळूही नये, पण ती कारणासहित व्हावी. तळलेले आणि तेलकट पदार्थ जठर उशिरा रिकामे होऊ देतात. चॉकलेट, पुदिना आणि मद्य यांच्यामुळे वर्तुळाकार स्नायू सैल पडतो असे मानले जाते. वायूयुक्त शीतपेये जठर फुगवतात. आणि तिखटातील कॅप्सायसिन हे द्रव्य आधीच हुळहुळ्या झालेल्या अन्ननलिकेत जळजळीची संवेदना तीव्र करते. या दृष्टीने पाहिल्यास तर्रीदार मिसळ दोन अंगांनी त्रासदायक ठरते, कारण तिच्यात तिखट आणि तेल दोन्ही असते. तीच मटकीची उसळ तर्रीशिवाय आणि फरसाणाशिवाय खाल्ली तर पुष्कळांना पचते आणि प्रथिनेही मिळतात. चहाबाबत सरसकट बंदीपेक्षा रिकाम्या पोटीचा पहिला कप आणि जेवणाऐवजी घेतलेले कप यांवर बोट ठेवणे अधिक फलदायी असते. थंड दुधाने जळजळ लगेच शमते हे खरे, पण दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम काही वेळाने आम्लनिर्मितीला चालना देतात, म्हणून रात्री झोपताना पेलाभर दूध पिण्याची सवय अनेकांना मध्यरात्री उठवते. सोलकढी, ताक, आवळा, लिंबू यांबाबत एकच उत्तर सर्वांना देता येत नाही; कोणाला ते मानवते, कोणाला नाही. अशा वेळी वापरण्याजोगी रीत अशी की संशयित पदार्थ एका वेळी एकच निवडावा, दोन आठवडे तो पूर्ण बंद ठेवावा, नंतर दिवसाच्या जेवणात माफक प्रमाणात परत घ्यावा आणि दोन्ही काळांतील नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. त्रास परत आला नाही तर तो पदार्थ यादीतून कायमचा वगळावा, म्हणजे बंदीच्या यादीतून वगळावा.

या रीतीचा आग्रह धरण्यामागे एक गंभीर कारण आहे. वर्ज्य पदार्थांची यादी एकदा सुरू झाली की ती वाढतच जाते, आणि डाळ, उसळ, भाज्या, फळे एकामागून एक बंद करीत काही वयस्क रुग्ण, विशेषतः एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, दूध-भात, साबुदाणा आणि टोस्ट यांवर येऊन ठेपतात. जळजळ काहीशी कमी होते, पण प्रथिने, लोह आणि तंतुमय पदार्थ आहारातून निघून जातात, अशक्तपणा व बद्धकोष्ठता वाढते, आणि शौचाच्या वेळी कुंथताना पोटावर पडणारा दाब आम्लाला पुन्हा वर ढकलतो. पथ्य म्हणून स्वीकारलेली उपासमार हा आजाराचा उपचार होऊ शकत नाही, आणि काय बंद करावे याबरोबर काय चालू ठेवावे हे लिहून देणे आहारतज्ज्ञाचे कर्तव्य ठरते.

जेवणानंतरच्या स्थितीविषयी मराठी घरांत जुन्या आणि चांगल्या सवयी आहेत. जेवणानंतरची शतपावली शरीर उभे ठेवते आणि गुरुत्वाकर्षणाला आपले काम करू देते. सावकाश चालणे पुरेसे असते, जेवल्यावर लगेच धावणे किंवा पोटाचे व्यायाम करणे मात्र टाळावे. दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर विसावण्याच्या वामकुक्षीच्या प्रथेलाही शरीररचनेचा आधार आहे : डाव्या कुशीवर असताना अन्ननलिका व जठर यांचा सांधा जठरात साठलेल्या आम्लाच्या पातळीच्या वर राहतो आणि उजव्या कुशीवर तो त्या पातळीखाली जातो. जळजळीच्या रुग्णाने ही कूस रात्रीच्या झोपेतही धरावी, मात्र दुपारचा विसावा जेवल्या जेवल्या घेऊ नये. पलंगाची डोक्याकडील बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करण्याचा सल्ला पुराव्याने सिद्ध असूनही सर्वांत जास्त वेळा चुकीचा पाळला जातो, कारण रुग्ण दोन-तीन उशा रचतात. त्यामुळे मान वाकते, कमरेत घडी पडते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. पलंग असेल तर डोक्याकडील दोन्ही पायांखाली सपाट लाकडी ठोकळे किंवा विटा ठेवाव्यात, म्हणजे कमरेपासून डोक्यापर्यंतचे शरीर एका सरळ उतारावर येते. जमिनीवर गादी घालून झोपणाऱ्यांसाठी घडी घातलेल्या सतरंज्या आणि जुनी चादर गादीच्या खाली, खांद्यापासून कमरेपर्यंत उतरत्या थरात लावून दाखवाव्या लागतात, आणि त्या प्रत्यक्ष रचून दाखवल्याशिवाय हा उपाय घरी पोहोचत नाही. परकराची करकचून बांधलेली नाडी, पोटावर आवळलेला पट्टा, आणि जेवण होताच वाकून केर काढणे किंवा खाली बसून भांडी घासणे या लहान बाबीही पोटावरचा दाब वाढवतात, म्हणून नोंदवहीच्या चौथ्या रकान्यात त्यांचीही चौकशी व्हावी.

वजन आणि तंबाखू या दोन विषयांवर सल्ला देणाऱ्याने संकोच करू नये. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातील १० हजारांहून अधिक स्त्रियांच्या उत्तरांवर आधारलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वजन जसे वाढत जाते तसा जळजळीचा त्रासही वाढतो असे दिसले, आणि विशेष म्हणजे ज्यांचे वजन प्रमाणात होते अशा स्त्रियांतही वजनात झालेली वाढ त्रासाशी निगडित आढळली. पोटाच्या घेरातील चरबी जठरावर बाहेरून दाब टाकते, त्यामुळे काही किलो वजन कमी झाल्यावर रात्रीची जळजळ ओसरलेली दिसते, आणि हा बदल रुग्णाला वजनकाट्याच्या आधी झोपेत जाणवतो. तंबाखूमुळे वर्तुळाकार स्नायू सैल पडतो, आणि धूम्रपानाने लाळेची आम्ल निवारण्याची क्षमता घटते. महाराष्ट्रात धूम्रपानाच्या जोडीने तंबाखू-चुना मळणे, गुटखा आणि स्त्रियांमध्ये मिश्री लावणे या सवयींची चौकशी नाव घेऊन करावी लागते. ‘काही व्यसन आहे का’ या प्रश्नाला मिश्री लावणारी स्त्री प्रामाणिकपणे नाही असे उत्तर देते, कारण ती सवय तिच्या लेखी दात घासण्याचा भाग असते.

आहार आणि सवयींच्या उपायांना मर्यादा आहेत व त्या स्पष्ट सांगणे सुरक्षिततेसाठी अनिवार्य आहे. गिळताना अन्न अडकणे किंवा दुखणे, कारण नसताना वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्तक्षय, वारंवार उलट्या किंवा उतारवयात प्रथमच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असल्यास पथ्यावर विसंबून न राहता तातडीने डॉक्टरांकडे जावे आणि दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. छातीतील दाब किंवा वेदना हात, जबडा वा पाठीकडे सरकत असेल, घाम आणि धाप असेल, तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते आणि अशा वेळी ॲसिडिटी समजून सोडा पिण्यात गेलेला वेळ जिवावर बेततो. खायच्या सोड्याने आणि फसफसणाऱ्या पुडीने तात्पुरता आराम पडतो, पण त्यांतील सोडियम उच्च रक्तदाब, हृदयाचे व मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांना घातक ठरू शकते. सांधेदुखीसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधे आणि रक्तदाबावरील काही औषधेही त्रास वाढवतात. ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना दाखवावीत. पॅन्टोप्रॅझोलसारखी गोळी दीर्घकाळ घेतल्यावर अचानक थांबवली तर आम्लनिर्मिती काही काळ उसळते, म्हणून तीही वैद्यकीय सल्ल्याने कमी करावी.

या सर्व निरीक्षणांतून कामाची जी पद्धत उभी राहते ती संथ असली तरी टिकाऊ असते. पहिल्या भेटीत एक किंवा दोनच बदल सांगावेत आणि त्यांत रात्रीच्या जेवणाची वेळ व प्रमाण यांना अग्रक्रम द्यावा. दुसऱ्या भेटीत झोपण्याची स्थिती आणि चहा-तंबाखू यांकडे वळावे. आणि पदार्थांची पारख त्यानंतर, नोंदींच्या आधाराने करावी. छापील पथ्यपत्रिका सर्वांना एकच वाटण्यापेक्षा रुग्णाच्या स्वतःच्या दिवसाचे पान समोर ठेवून त्यावरच दुरुस्त्या लिहिल्या तर त्या पाळल्या जातात, कारण त्यांत त्याची लोकल, तिची चतुर्थी आणि त्यांच्या घरातील वाढण्याचा क्रम या साऱ्यांचा विचार झालेला असतो. सल्ला देणाऱ्यांनी वर्ज्य पदार्थांच्या यादीआधी जेवणाचे घड्याळ विचारावे. आणि ज्या घरात कोणी रात्री उठून छातीवर हात ठेवून बसते, त्या घराने त्या माणसाला पथ्याचा वेगळा डबा देण्याऐवजी सर्वांचेच रात्रीचे जेवण तासभर अलीकडे आणावे.